वस्ती-परिचय : पर्वतीच्या पायथ्याशी



आपल्या पासली-केळदकडचे पोरगे शिकून मोकळे झाले की मार्गासनी, नसरापूर फाटा करीत कात्रजचा घाट ओलांडते आणि स्वारगेटला उतरते. पुढे कुठे राहतोस असे आईने विचारले की उत्तर येते, "पर्वतीला." आईच्या डोळ्यांसमोर टेकडी आणि देऊळ उभे राहते. पोरगे राहते ते मात्र टेकडीच्या उतारावर, दहा बाय दहाच्या खोलीत. म्हणून या वेळी आम्ही पर्वती या उपनगराची ओळख करून देत आहोत. तिथे काय मिळते, काय मिळत नाही, आणि ते तसे का, हे घरच्यांनाही ठाऊक असलेले बरे.

पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली उभारले. शंभरावर पायऱ्या चढून वर गेले की सगळे पुणे दिसते. पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे केले होते. ते पुढे बुजले आणि आज तिथे सारसबाग आहे. तळ्यातला गणपती हे नाव तेवढे जुने राहिले. याच काळात कात्रजला तलाव बांधून नळाने पुण्यात पाणी आणले गेले आणि पेठांत हौद झाले. त्या हौदांना हात लावायची मुभा आपल्या लोकांना नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो या पार्श्वभूमीवर. पुण्यात त्या वेळी हौद पुष्कळ होते, तरीही एका माणसाला स्वतःच्या घरचा हौद उघडावा लागला.

पर्वतीचा आणि आपला संबंध पुढे १९२९ साली आला. महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी १९२७ मध्ये सत्याग्रह केला होता. नाशिकच्या काळारामचा सत्याग्रह अजून सुरू व्हायचा होता. मधल्या काळात, १३ ऑक्टोबर १९२९ रोजी, पुण्यातल्या अस्पृश्य मंडळींनी पर्वतीच्या पायऱ्या चढायला घेतल्या. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्यातले पुढारी. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखी काही सवर्ण मंडळीही सोबत होती. वर मंदिराचे दरवाजे बंद झाले आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. राजभोज जखमी झाले. सत्याग्रह जानेवारी १९३० पर्यंत चालला, दरवाजा काही उघडला नाही. मंदिर प्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४७ साली. आज आपल्याला त्या देवळात जायचे नसते, हा भाग वेगळा. पण ज्या पायऱ्यांवर लोक सकाळी फिरायला येतात आणि शेंगदाणे खातात, त्या पायऱ्यांवर आपल्या माणसांचे रक्त सांडले आहे, हे पोरांना सांगावे.

आता पाण्याकडे वळू, कारण पर्वतीची खरी ओळख आज पाण्याची आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याला घासून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. पर्वतीला महापालिकेचे जलकेंद्र आहे. खडकवासल्याचे पाणी तिथे शुद्ध होते आणि पुण्याच्या मोठ्या भागाला जाते. पूर्वी ते पाणी उघड्या कालव्याने येई, अलीकडे बंद जलवाहिनीतून येते. खडकवासला स्वतः लहान आहे. त्याच्यामागे पाठराखण आहे ती आंबी नदीवरच्या पानशेतची आणि मोसे नदीवरच्या वरसगावची. ही दोन्ही धरणे आपल्या वेल्ह्यातली. (आपल्या कानंदीचे पाणी मात्र पुण्याला जात नाही, ते गुंजवणीतून नीरेला मिळते. पुष्कळांचा यात घोटाळा होतो.) पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली आपल्याच तालुक्यातली गावे गेली. काहींना दौंड तालुक्यात जमिनी मिळाल्या. म्हणजे माणसे कालव्याच्या शेवटाकडे गेली, पाणी नळाने शहरात गेले, आणि जी पोरे डोंगरात उरली ती पोट भरायला त्याच नळाच्या मागे पर्वतीला आली.

या उपनगराची आजची घडण झाली तीही पाण्यानेच. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. बेघर झालेल्यांसाठी शहराच्या कडेला जागा दिल्या गेल्या, पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. सहकारनगर हे नाव त्यातूनच आले. रस्ते आखले गेले, शाळा-मैदाने ठेवली गेली, नळ आले. दहा-अकरा वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. त्या वेळी गावे सोडून जी माणसे आली, त्यांना कोणी जागा आखून दिली नाही. त्यांनी पर्वतीच्या उतारावर पत्रे ठोकले. आजची जनता वसाहत, दांडेकर पुलाजवळची वस्ती, ओढ्याकाठची घरे अशीच वाढली. पुरात गेलेल्या घराची नोंद झाली, दुष्काळात सुटलेल्या घराची झाली नाही. दोघांनाही पाण्यानेच हाकलले होते, पण सरकारी कागदावर एक पूरग्रस्त ठरला आणि दुसरा अतिक्रमणवाला.

जनता वसाहतीत राहायचे तर काय सोयी आहेत? आम्ही जे पाहिले ते लिहितो. स्वारगेट चालत जाण्याच्या अंतरावर, हा सर्वांत मोठा फायदा. गावाची एस.टी. तिथूनच मिळते, शहराच्या बसगाड्या तिथूनच सुटतात, आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही स्वारगेटपर्यंत आली आहे. बायांना धुण्याभांड्याची कामे सहकारनगर-मित्रमंडळ भागात पायी जाऊन मिळतात. शाळांचे बरे आहे. शिवदर्शन भागात महापालिकेची राजीव गांधी ई-लर्निंग शाळा आहे. गरिबाच्या पोराला तिथे प्रवेश मिळाला तर तो सोडू नये. रविवारी मुलांना न्यायला सारसबाग आणि पेशवे पार्क. पार्कातले प्राणी १९९९ साली कात्रजला हलवले, तेव्हा वाघ पाहायचा तर कात्रज गाठावे लागते. १९५६ साली पार्कात सुरू झालेली फुलराणी मात्र आजी-आजोबांनाही आठवते.

गैरसोयी वर चढत जातात, तशा वाढत जातात. उतारावर जितके वर घर, तितके पाणी बारीक आणि तितका हंडा जड. शौचालय सामायिक. गल्ली इतकी अरुंद की आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणावे लागते. आणि खाली राहावे तर कालवा आणि ओढा. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर दिवसा उजव्या कालव्याची भिंत पर्वतीजवळ फुटली आणि दांडेकर पूल परिसरातल्या शेकडो घरांत पाणी शिरले. धान्य, दप्तरे, कागदपत्रे, सगळे चिखलात. पाटबंधाऱ्याच्या बाजूने दोष गेला उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर! पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसे दगावली. जून २०२१ मध्ये ओढ्याकाठची घरे पाडायला यंत्रे आली, तेव्हा कोर्टाच्या स्थगितीमुळे काम थांबले.

आम्ही कारकुनी करतो, म्हणून कागदाबद्दल चार शब्द जास्त लिहितो. कालव्याच्या पाण्यात ज्यांची कागदपत्रे भिजली, त्यांतल्या दोन-तीन घरांचे अर्ज आम्ही लिहून दिले. एका कार्यालयात सांगण्यात आले, "भिजलेल्या कागदाचा पंचनामा आणा." पंचनामा करणारे म्हणाले, "आधी कागद दाखवा." हे महिनोन्‌महिने चालले. तेव्हा मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, भिंतीवर उंच टांगून ठेवावेत आणि एक नक्कल गावी ठेवावी. झोपडीधारकाला संरक्षण मिळते ते तारखेवर. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहात असल्याचा पुरावा असेल तर पुनर्वसनात घर मोफत, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. जुने लाईट बिल, मतदार यादीतले नाव, मुलाचा शाळेचा दाखला, जे असेल ते जपावे. आपली बहुतेक पोरे भाड्याने राहतात. त्यांना या योजनेत घर मिळत नाही. खोली "विकत" घेतो म्हणणाऱ्याने फोटोपास कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. नोटरीच्या कागदावर लाखो रुपये देऊन बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

खोली पाहायला जायचे तर पावसाळ्यात जावे. ओढा कुठवर चढतो ते भिंतीवरच्या डागावरून कळते. शेजारणीला विचारावे, घरमालकाला नव्हे. आणि शक्यतो नळाच्या वेळी जावे, पहाटे उठावे लागले तरी. दुपारी गेलात तर मालक कोरडा नळ दाखवून "पाणी येते" म्हणेल, आणि ते अगदी खोटेही नसेल. किती वाजता येते आणि किती हंडे भरतात, एवढेच तो सांगणार नाही.