वाळवंटाची सहल: जैसलमेरला गेल्यावर काय पाहायचं, काय टाळायचं?

दिवाळीच्या खरेदीने गुलमंडी, टिळकपथ आणि पैठण गेटचा परिसर गजबजला की छत्रपती संभाजीनगरच्या अनेक घरांत दुसरी चर्चाही सुरू होते, सुट्टीत कुठे जायचं याची. त्या चर्चेत राजस्थानचं नाव हमखास येतं आणि राजस्थान म्हटलं की जैसलमेरची वाळू, उंट आणि तंबूतला मुक्काम डोळ्यांसमोर उभा राहतो.

ऑक्टोबर ते मार्च हा तिथला हंगाम. बहुतेक सहलींत जैसलमेरला एक किंवा दोन रात्री मिळतात. सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, संध्याकाळी सम गावाजवळच्या टेकड्यांवर उंटाची फेरी, रात्री तंबूत कालबेलिया नृत्य आणि डाळ-बाटी-चुरमा, असा कार्यक्रम ठरलेला असतो. त्यात मजा आहेच. पण ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या माणसाला वाळवंटात याहून जास्त काही सापडू शकतं.

वाळवंटात पाऊस किती, मराठवाड्यात किती?

जैसलमेरला वर्षाला सरासरी २०० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. छत्रपती संभाजीनगरची सरासरी ७०० मिलीमीटरच्या घरात आहे, म्हणजे तिपटीहून अधिक. तरीही शहराच्या पाणीपुरवठ्यात वर्षानुवर्षं काही दिवसांचं अंतर राहिलं. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटी रुपयांवर गेला आणि कामाच्या गतीवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष ठेवावं लागलं.

'मराठवाड्याचं वाळवंट होणार' हे वाक्य दर दुष्काळात ऐकू येतं. इस्रोने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टरहून अधिक जमीन नापिकीकरणाच्या किंवा ऱ्हासाच्या प्रक्रियेत आहे आणि असं क्षेत्र सर्वाधिक असलेल्या राज्यांत राजस्थानच्या बरोबरीने महाराष्ट्राचं नाव आहे. इथे 'वाळवंटीकरण' म्हणजे वाळूच्या टेकड्या पसरणं नव्हे. माती वाहून जाणं, झाडोरा संपणं आणि जमिनीची पाणी धरण्याची ताकद कमी होणं, असा त्याचा अर्थ आहे. म्हणूनच खऱ्या वाळवंटातल्या माणसांनी पाणी कसं धरलं, हे पाहण्यासारखं आहे.

पाण्याच्या खुणा कुठे दिसतात?

पहिली जागा गडीसर तलाव. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा तलाव कित्येक शतकं जैसलमेरचं पाणी होता. आज तिथे नौकाविहार चालतो. पण तलावाकडे पाणी वाहून आणणारा आगोर, म्हणजे पाणलोटाची राखलेली जमीन, हीच त्याची खरी रचना. तलाव खोदणं हे अर्धं काम, आगोर स्वच्छ ठेवणं उरलेलं अर्धं.

दुसरी जागा कुलधरा. जैसलमेरपासून साधारण १८ किलोमीटरवरचं हे ओसाड गाव 'भुतांचं गाव' म्हणून विकलं जातं. दिवाण सालिमसिंहाच्या जाचामुळे पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत गाव सोडलं, अशी दंतकथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. अभ्यासकांनी मात्र आटत गेलेलं पाणी, करांचा बोजा आणि भूकंप अशी कारणं पुढे मांडली आहेत.

भुतांपेक्षा पालीवालांची 'खडीन' जास्त पाहण्यासारखी आहे. खडकाळ उंचवट्यावरून येणारं पावसाचं पाणी सखल जमिनीत साठावं म्हणून खालच्या बाजूला लांबलचक मातीचा बांध घालतात. पाणी जमिनीत मुरलं की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरतात. आपल्याकडच्या बांधबंदिस्तीशी नातं सांगणारी ही पद्धत दोनशे मिलीमीटर पावसातही रब्बीचं पीक देते.

तिसरी खूण नवी आहे. पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात, त्या हरिके बंधाऱ्यावरून निघणारा इंदिरा गांधी कालवा सुमारे ६५० किलोमीटर वाहत जैसलमेर जिल्ह्यात येतो. हॉटेलच्या नळाला येणारं पाणी बहुधा त्याचंच असतं.

या खुणा पाहून परतलेल्याला स्वतःचं शहरही वेगळं दिसेल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली, तेव्हा नहर-ए-अंबरी खोदून जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलं. पाणचक्की पाहायला देशभरातून लोक येतात, पण नहरींचे अनेक भाग दुर्लक्षित आहेत.

किल्ल्याला पाण्याचा धोका कसा?

जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावळ जैसल यांनी बांधला. २०१३ साली राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांसह तो जागतिक वारसा यादीत गेला. त्याचं वेगळेपण असं की तिथे आजही हजारो लोक राहतात.

वाळवंटातल्या या किल्ल्याचा शत्रू पाणीच आहे. पूर्वी खालून घागरींनी वर येणारं पाणी माणसं मोजून वापरत. नळ आले, हॉटेलं आणि न्हाणीघरं वाढली, तसं सांडपाणी टेकडीत मुरू लागलं. किल्ल्याखालचा वाळूचा दगड आणि चिकणमातीचे थर त्याने सैल होतात. म्हणूनच १९९६ सालच्या पहिल्याच 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच' यादीत हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंमध्ये होता. त्यानंतर दुरुस्तीची कामं झाली, तरी ऑगस्ट २०२४ च्या जोरदार पावसात तटाचा एक भाग कोसळला.

यातून पर्यटकाने घ्यायचा निर्णय साधा आहे. किल्ला दिवसभर पाहावा, तिथल्या दुकानांतून खरेदी करावी, पण मुक्काम खालच्या शहरात करावा.

उंट की जीप?

समच्या टेकड्यांवर आता उंटांच्या जोडीला जीप आणि चारचाकी मोटारसायकली धावतात. यात निवड करताना एक आकडा लक्षात घ्यावा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. म्हणजे सात वर्षांत ३७ टक्के घट.

शेतात ट्रॅक्टर आणि रस्त्यावर टेम्पो आल्यावर उंटाचं काम गेलं, चराईची जमीनही आटली. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ च्या कायद्याने कत्तलीवर बंदी घालून राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू संरक्षणाचा होता, पण बाजार आक्रसला, किमती पडल्या आणि पाळणाऱ्यांना उंट परवडेनासे झाले, अशी पशुपालकांची तक्रार आहे. महाराष्ट्रातल्या बैलबाजारांच्या बाबतीतही असाच वाद ऐकू येतो.

त्यामुळे उंटाच्या फेरीचं भाडं हे काही घरांसाठी उंट टिकवण्याचं कारण आहे. फक्त एका उंटावर तिघं-चौघं बसू नयेत, जखमी किंवा लंगडणारा उंट नाकारावा आणि शक्य असेल तर भाडं थेट उंटवाल्याच्या हातात द्यावं.

रात्रीचा डीजे कोणाला ऐकू जातो?

सम परिसर डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे. ३,१६२ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र माळढोकचा शेवटचा मोठा आसरा आहे. निसर्गात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते.

हा पक्षी महाराष्ट्राला परका नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, पण आज तिथे माळढोकचं दर्शन हीच बातमी होते. राजस्थानात वीजवाहक तारांना धडकून होणारे मृत्यू हा मोठा धोका आहे. सौर आणि पवनऊर्जेच्या तारा कुठून न्यायच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसरा धोका भटक्या कुत्र्यांचा. माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो आणि उघड्यावर टाकलेल्या उष्ट्यावर वाढणारी कुत्री ते फस्त करतात.

पर्यटक तारा हलवू शकत नाही. पण डीजे आणि फटाके नसलेली छावणी निवडणं आणि कचरा परत आणणं त्याच्या हातात आहे. दिवे मालवले, तर वाळवंटातलं सर्वात मोठं आकर्षण फुकट दिसतं, ते म्हणजे आकाश.

सीमेकडे जाणं सुरक्षित आहे का?

जैसलमेरहून सुमारे १२० किलोमीटरवर लोंगेवाला आहे. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने पाकिस्तानी रणगाडे इथेच रोखले. पुढे तनोट मातेचं मंदिर आहे, त्याची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतरच्या संघर्षात जैसलमेरने ब्लॅकआउट अनुभवला. जैसलमेर आणि जोधपूरसह ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते. त्यामुळे निघण्याआधी प्रशासनाच्या सूचना पाहणं आणि परतीचं तिकीट रद्द करण्याचे नियम वाचणं शहाणपणाचं.

रोजचा धोका मात्र रस्त्यावर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या खासगी स्लीपर बसला आग लागून किमान २० जणांचा मृत्यू झाला. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बसमध्ये २५ जण होरपळले, ते मराठवाडा विसरलेला नाही. बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन दार कुठे आहे, ते उघडतं का, काच फोडायची हातोडी आहे का, हे पाहायला एक मिनिट लागतं. जोधपूर ते जैसलमेर रेल्वेही आहे.

थोडक्यात काय?

वाळवंटाच्या सहलीत एक दिवस वाढवावा आणि तो गडीसर, खडीन आणि माळरानाला द्यावा. उंटावर बसावं, जीप टाळावी. मुक्काम किल्ल्याखाली करावा.

आणि तंबूची नोंदणी करताना एक प्रश्न जरूर विचारावा: पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं? छावणीत पोहण्याचा तलाव असेल तर हा प्रश्न दोनदा विचारावा. नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवणाऱ्या गुलमंडीतल्या घराला तो विचारायला कोणी शिकवण्याची गरज नाही.