जमा-खर्च : गाडी आपली, गिअरबॉक्स कोणाच्या भरवशावर?



१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला गेले होते. स्टेशनवर समाजाची माणसे स्वागताला आली होती, पण वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असले तरी महार, म्हणून त्यांचा टांगा हाकणे त्याला कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच एक, आणि त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. वाटेतल्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगातून जातीचा धडा आपण अनेकदा सांगतो. त्यात दुसराही धडा आहे. वाहन हाती आले म्हणजे मान मिळतो, पण त्या वाहनाचे ज्ञान हाती नसेल तर तोच मान हातपाय मोडतो. मान आणि माहिती यांची जोडी फुटता कामा नये.

आज आपली मुले क्लीनरची ड्रायव्हर झाली आणि ड्रायव्हरची मालक होऊ लागली आहेत. हिंगोली, वसमतच्या बाजारातली हळद भरून अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड महामार्गावर आपल्या पोरांच्या गाड्या धावतात. केबिनमध्ये तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो असतो. पण गाडीचे कागद फायनान्सवाल्याकडे असतात आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता चुकत नाही. अशा घरात गिअरबॉक्स बिघडला तर नुकसान घरच्या चुलीपर्यंत येते.

मागच्या महिन्यात सेनगाव तालुक्यातला एक तरुण कागदांची पिशवी घेऊन आला. त्याच्या ट्रकला ऑटोमॅटिक गिअर. एका वर्षात क्लचचे काम तीनदा झाले होते. पिशवीत बिले किती? एकही नाही. कोऱ्या चिठ्ठीवर "सामान" आणि त्यापुढे आकडा, एवढेच. कोणता भाग बसवला, कोणत्या कंपनीचा, कोणत्या नंबरचा, काहीच नाही. त्याच्यासाठी जी माहिती जाणकार मिस्त्रींकडून आणि गाडीच्या पुस्तकातून गोळा केली, ती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून आजचा हा लेख.

पहिली गोष्ट, आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते ओळखा. क्लचचे पेडल नाही म्हणून सगळे ऑटोमॅटिक एक नव्हे. त्यात दोन जाती आहेत. एक म्हणजे खरा ऑटोमॅटिक. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, आत तेलात बुडालेल्या अनेक क्लच प्लेटा असतात आणि तेलाच्या दाबाने गिअर बदलतो. खाणीतले मोठे डंपर, काही शहर-बसेस, काही टिपर यांत हा असतो. अ‍ॅलिसन ही अमेरिकन कंपनी असे गिअरबॉक्स बनवते, तिचा कारखाना आपल्या देशात चेन्नईजवळ आहे. दुसरी जात म्हणजे एएमटी. यात गिअरबॉक्स साधाच, क्लच प्लेटही नेहमीसारखी कोरडी. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ड्रायव्हरच्या पायाहाताऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर होते. मालवाहू ट्रकमध्ये आपल्याकडे दिसतो तो बहुधा हाच. त्या तरुणाचा ट्रकही याच जातीचा निघाला.

दोन्हींचे सामान वेगळे, तेल वेगळे, मिस्त्रीही वेगळा लागतो. म्हणून दुकानात "ऑटोमॅटिकचे सामान द्या" असे सांगू नका. गिअरबॉक्सच्या अंगावर एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर कोरलेला असतो. तो पुसून वहीत उतरवा, सोबत चॅसी नंबर लिहा. एकाच नावाच्या ट्रकमध्ये वर्षागणिक गिअरबॉक्स बदललेला असू शकतो. दुकानदार गाडीचे नाव ऐकून माल काढतो, शहाणा मालक नंबर दाखवून माल मागतो.

आता एएमटीचे पाहू. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकच पडते. एक जुना भाग ठेवून पैसे वाचवले तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. गिअरबॉक्सच्या तोंडाचे ऑइल सील त्याच वेळी बदला. हे सील स्वस्त असते, पण ते गळले की तेल क्लच प्लेटवर येते आणि नवी प्लेटही घसरू लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे आहेत का ते डोळ्यांनी पाहा. काम झाल्यावर स्कॅनर लावून कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. हे न करता गाडी बाहेर काढली तर कॉम्प्युटर जुन्या झिजलेल्या प्लेटच्या हिशेबाने क्लच दाबत राहतो आणि नवी प्लेट अकाली जळते. त्या तरुणाच्या तीन कामांत स्कॅनर एकदाही लागला नव्हता. हवेवर चालणारी यंत्रणा असेल तर एअर ड्रायरचे कार्ट्रिज वेळेवर बदला. हवेतले पाणी आत गेले की महागडे व्हॉल्व्ह खराब होतात.

खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये तेल हाच प्राण. त्यात नेहमीचे गिअर ऑइल चालत नाही. पुस्तकात ज्या दर्जाचे तेल लिहिले आहे तेच, आणि तेलासोबत फिल्टर नवा. जुने तेल काळे पडून जळकट वास येत असेल तर आतल्या प्लेटा जळल्या असे समजा. बॉक्स उघडलाच तर सर्व सील, गॅसकेट आणि रबरी रिंगा नव्या घ्याव्यात, हा संच एकत्र मिळतो. घर्षणाच्या प्लेटा बसवण्याआधी त्याच तेलात भिजवाव्या लागतात. त्यांच्या मधल्या स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या असतील किंवा वाकल्या असतील तर त्याही बदला. तेल थंड करणारा कूलर धुतल्याशिवाय नवा माल जोडू देऊ नका, नाहीतर जुन्या प्लेटांचा चुरा नव्या बॉक्समध्ये जातो.

मग सगळेच सामान गाडीच्या कंपनीच्या डब्यातले घ्यावे काय? तसेही नाही. क्लच, बेअरिंग, सील हे भाग ट्रक कंपनी सहसा स्वतः बनवत नाही, दुसऱ्या कारखान्याकडून घेते. तोच कारखाना तोच माल आपल्या नावाच्या डब्यातही विकतो आणि तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. जुन्या भागावर कोरलेले नाव वाचा म्हणजे खरा बनवणारा कळतो. मात्र कॉम्प्युटर, सोलेनॉइड, सेन्सर, व्हॉल्व्हचा ठोकळा हे भाग कंपनीच्या नंबरचेच घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तोवर अधिकृत ठिकाणाबाहेर बॉक्सला हात लावू देऊ नका. भंगारातल्या गाडीचा बॉक्स स्वस्त मिळतो, पण तो किती चालला आहे ते सांगणारा कोणी नसतो.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपले आपण घाला. समजा स्वस्त क्लच सेट ९,००० रुपयांचा आणि मजुरी ४,००० रुपये. तो २५,००० किलोमीटर चालला. चांगला सेट १६,००० रुपयांचा, मजुरी तीच, तो ८०,००० किलोमीटर चालला. चांगल्याचा खर्च झाला २०,००० रुपये. तेवढ्याच अंतराला स्वस्ताचे तीन सेट संपले, म्हणजे ३९,००० रुपये, आणि चौथ्याची वेळ आली. गाडी दर वेळी तीन दिवस उभी राहिली असे धरा. हप्ता महिना ४५,००० रुपये असेल तर उभ्या गाडीचा दिवस १,५०० रुपये खातो. स्वस्ताचे नऊ दिवस म्हणजे १३,५०० रुपये, चांगल्याचे तीन दिवस म्हणजे ४,५०० रुपये. एकूण ५२,५०० विरुद्ध २४,५०० रुपये. बुडालेले भाडे अजून धरलेच नाही. गरिबाला स्वस्त माल परवडत नाही तो असा.

बनावट माल हा तिसरा प्रकार, आणि तो सर्वांत घातक. डबा हुबेहूब, आत लोखंड हलके. डब्यावरचा आणि भागावरचा नंबर जुळतो का, अक्षरे नीट कोरलेली आहेत का, डब्यावर तपासणीचा कोड असेल तर मोबाइलवर तो काय दाखवतो, हे पाहा. जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या आणि नव्याच्या शेजारी ठेवून ताडा. नव्या भागाचा रिकामा डबा दुकानात सोडू नका. फाडून टाका, म्हणजे त्यात पुन्हा बनावट माल भरला जाणार नाही.

आता बिलाबद्दल. "बिल नको, टॅक्स वाचेल" हे वाक्य ऐकले की सावध व्हा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. तो वाचवून तुम्ही कायद्याने दिलेले संरक्षण गमावता. ट्रक म्हणजे धंदा, मग ग्राहक न्यायालय आपले कसे ऐकेल, असे अनेकांना वाटते. हा गैरसमज आहे. स्वतःच्या पोटासाठी, स्वयंरोजगार म्हणून जो वस्तू घेतो तो कायद्याने ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात स्वतः ट्रक चालवणाऱ्या मालकाचेच उदाहरण दिले आहे. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. माल नांदेडला घेतला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. पण हे सारे बिलावर उभे आहे. पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल नसेल तर आयोगापुढे दाखवणार काय? सेनगावच्या त्या तरुणाचे दुःख तेच. नुकसान खरे, पुरावा शून्य.

आपल्यातले अनेक जण आयटीआय करून मिस्त्री झाले, काहींनी सुट्या भागांची दुकाने टाकली. त्यांनाही दोन शब्द. बनावट भाग खरा म्हणून विकणे हे खोटे बोलणे आहे आणि दुसऱ्याचे न दिलेले घेणेही आहे. पंचशीलातली दोन शिले एकाच व्यवहारात मोडतात. रविवारी विहारात वंदना आणि सोमवारी गल्ल्यावर खोटा डबा, हे सम्यक आजीविकेत बसत नाही. घाटात भरल्या ट्रकचा क्लच घसरला तर समोरून येणाऱ्या गाडीत कोणाचे लेकरू आहे ते डब्यावर लिहिलेले नसते.

गाडीमालकानेही "मिस्त्री आपल्याच जातीचा आहे", "दुकानदार ओळखीचा आहे" एवढ्यावर विश्वास टाकू नये. तथागतांनी कालामांना हेच सांगितले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचे ठरले तर स्वीकारा. नंबर पाहणे, जुना भाग ताडणे, बिल मागणे हेसुद्धा पारखणेच आहे. त्यात कोणाचा अपमान नाही.

शेवटची विनंती घरातल्या ताईंना आणि वहिनींना. गाडीमालक महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. गाडीची फाइल तुम्ही सांभाळा. एका वहीत तारीख, किलोमीटर, कोणता भाग, पार्ट नंबर, किंमत, मजुरी अशी सहा खाणी आखा. दहावी झालेली मुलगी हे सहज लिहील. सहा महिन्यांनी ती वही वाचा. पैसा कुठे मुरतो ते तिच्यातच सापडेल. त्या तरुणाच्या पत्नीने अशी वही सुरू केली आहे आणि चौथ्या कामाचे पक्के बिल तिच्या पहिल्या पानाला लावले आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.