विश्लेषण : वडिवळ्याच्या डोंगरांखाली नैसर्गिक वायू का नाही?

हिमालयाच्या पायथ्याशी, कांगड्याजवळच्या ज्वालामुखी मंदिरात खडकाच्या भेगांतून निघणारा वायू शतकानुशतके जळतो आहे. पाकिस्तानातील सुई हे 1952 मध्ये सापडलेले मोठे वायुक्षेत्रही सुलेमान पर्वतरांगेच्या पायथ्याशीच. मग मावळातल्या वडिवळ्याच्या डोंगरांखाली वायू का नसावा?

वायू साठतो कसा?
जैव अवशेष असलेला गाळाचा खडक, तो मुरवणारी उष्णता, वायू मावेल असा सच्छिद्र थर आणि वर घट्ट झाकण, या चार गोष्टी लागतात. भूखंड एकमेकांवर रेटले गेले की पायथ्याचे गाळाचे थर कमानीसारखे वाकतात. हलका वायू कमानीच्या माथ्याशी चढतो आणि झाकणाखाली अडकतो.

सह्याद्री वेगळा कसा?
तो वळ्यांचा पर्वत नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर इथे जवळपास आडवेच साचले आहेत. कार्ला, भाजे लेणी याच बेसॉल्टमधली. त्याखाली गाळ असेल का? 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत खोदलेल्या विवरात सुमारे 338 मीटर बेसॉल्ट, जेमतेम 8 मीटर गाळ आणि मग जुना कठीण खडक लागला. कोयना भागात तर बेसॉल्ट संपताच ग्रॅनाइट. एवढ्यावरून साऱ्या दख्खनचा निकाल लागत नाही. पण मावळात आशा धरण्यासारखेही काही नाही. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेल-वायू मुख्यतः समुद्राखालच्या, बेसॉल्टनंतर साचलेल्या चुनखडीत आहेत.

बोअरमधून बुडबुडे आले तर?
ती नुसती हवा किंवा कुजलेल्या पाल्याचा मिथेन असू शकतो. काडी ओढून पाहू नये, तहसील कार्यालयाला कळवावे. प्रयोगशाळेत वायूचा उगम ओळखता येतो.

मग मावळाची संपत्ती कोणती?
पाणी आणि उंची. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी घाटाखाली सोडून खोपोलीत 1915 पासून वीज तयार होते. मात्र बेसॉल्टमध्ये पाणी मावते ते केवळ फटींत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून धो-धो पावसाच्या डोंगराळ गावांतही उन्हाळ्यात विहिरी आटतात. बंगल्यांसाठी डोंगर कापला की पाणी मुरण्याच्या वाटाही तुटतात. त्यामुळे गावनिहाय भूजल नकाशे करून बांधकाम परवानगी त्यांच्याशी जोडायला हवी. नसलेल्या वायूच्या घबाडाची चर्चा करण्यापेक्षा असलेले पाणी राखणे मावळाच्या जास्त फायद्याचे.