भरिताचा धूर नेमका कोणाचा?

खान्देशी भरीत आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा यांना ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे बिरुद सर्रास लावले जाते. वांग्यापुरते ते खपून जाईल. मिरचीच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९८ नंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर इथल्या तिखटाचा भार मिरी, पिंपळी आणि आल्यावर होता. शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे ठेच्यात खऱ्या अर्थाने जुने उरतात ते लसूण आणि मीठ!

मग खान्देशाचे स्वतःचे काय? धूर. भडगाव, पाचोरा या गिरणेच्या परिसरात वांगी चुलीवर नव्हे, तर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या जाळावर भाजतात. हा जाळ झटकन पेटतो, साल करपते आणि गर धुरावतो. त्यात भाजलेली हिरवी मिरची व लसूण ठेचून घालतात. मिरचीतला दाहक घटक तेलात विरघळतो. म्हणून शेंगदाणे आणि तेल पडले की तिखटपणा जीभ न जाळता रेंगाळतो.

मेक्सिकोत पिकलेली मिरची धुरावर वाळवून टिकवतात. ‘चिपोत्ले’ या नावाचा नाहुआत्ल भाषेतला अर्थच ‘धुरावलेली मिरची’. तिथे धूर टिकवण्यासाठी, इथे केवळ चवीसाठी. बाटलीबंद ‘स्मोकी’ सॉसशी भरिताची तुलना करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

या धुरामागे कापसाचा इतिहास आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि खान्देशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे भडगावलाच सरकारी प्रायोगिक शेतही चालवले गेले. ज्याला आज ‘गावरान चव’ म्हणतात, तिचे सरपण असे जागतिक बाजाराशी बांधलेले आहे.

आणि आता तेच सरपण अडचणीत आहे. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते; म्हणून त्या वेळीच नष्ट करा, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. सल्ला रास्तच आहे. चवीपायी शेजाऱ्याचे पीक धोक्यात घालणे ही परंपरा नव्हे. पण हिवाळ्यात उपटलेली पऱ्हाटी त्याच हिवाळ्यात भरितासाठी जाळली, तर अळीही जाते आणि धूरही मिळतो. खोट फक्त पावसाळ्यापर्यंत पडून राहणाऱ्या ढिगांत आहे. हंगामाच्या पहिल्या भरितासाठी मात्र गेल्या वर्षीची काडी लागते, आणि तिथे वांगी गॅसवर भाजण्यावाचून गत्यंतर नाही.