आधी आपल्या काउंटीचा माथा

मंडळाच्या सहलीचा विषय निघाला की दोनच नावं पुढे येतात: स्नोडन नाहीतर स्कॉफेल पाइक. एक वेल्समधलं सर्वांत उंच, दुसरं इंग्लंडमधलं. कळसूबाईवर वाढलेली माणसं आपण, त्याखाली तडजोड करणार नाही! माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या काउंटीत आपण काउन्सिल टॅक्स भरतो, तिचा माथा आधी गाठावा. आणि घरात कुत्रा असेल तर त्याला घेऊनच.

‘त्यात डोंगर कुठे आहे?’ हा आक्षेप मला पाठ आहे. खरंच, नॉरफोकचं बीकन हिल जेमतेम शंभर मीटरच्या वर जातं. ग्रेटर लंडनचं वेस्टरहॅम हाइट्स, २४५ मीटर, ए २३३ रस्त्याला लागून आहे. पण काउंट्यांच्या माथ्यांच्या यादीचा फायदाच हा, की प्रसिद्धीनं कधी नेलं नसतं तिथे ती नेते. सरेच्या २९४ मीटर उंच लीथ हिलवर रिचर्ड हलनं १७६५च्या सुमारास मनोरा उभारला. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की उंची हजार फुटांपलीकडे जाते. स्वतः हल त्या मनोऱ्याखालीच पुरलेला आहे. बर्कशरचं वॉलबरी हिल तीन मीटरनी जास्त उंच. तिथे मनोरा नाही, लोहयुगातल्या तटबंदीच्या खुणा आहेत. वीस वर्षं शेजारी राहून हे ठाऊक नसेल, तर आपण फक्त पोस्टकोडात राहिलो.

आता कुत्रा कशाला? एक तर त्याला उंची कळत नाही. आमचा बंड्या शंभर मीटरच्या टेकाडावरचं कुंपणही तितक्याच निष्ठेनं हुंगतो, त्यामुळे आपलीही चाल मंदावते. दुसरं, तो ओळखी करून देतो. एकदा जाळीच्या कुंपणावरच्या लाकडी पायऱ्यांवर पुढचे पाय टेकून तो अडला होता. उचलावा तर तीस किलोंचं धूड. मागून आलेल्या एका बाईंनी शेजारची फळी वर ओढली, खाली कुत्र्यांसाठीच ठेवलेली फट उघडली. मग पुढच्या शेतात चिखल किती, बैल कुठे, हेही त्यांनीच सांगितलं. एकटा असतो तर बोलणं हवेवरून सुरू होऊन हवेवरच संपलं असतं.

‘मेंढ्यांचं काय?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. खुल्या प्रवेशाच्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावर हवा. जनावरांजवळ तर बारा महिने. गायीगुरं अंगावर आली तर मात्र पट्टा सोडून द्यायचा, कुत्रा आपला जीव वाचवतो. ग्राउस पक्ष्यांच्या काही माळांवर त्याला मज्जाव असतो. डरहॅमच्या मिकल फेलवर लष्करी सरावक्षेत्र असल्यानं आधी परवानगी काढावी लागते. हे जाचक वाटत असेल तर कुत्र्याला घरी ठेवावं. मला ते उपयोगाचं वाटतं: कोकरं कधी जन्मतात, जमिनीवर घरटी कोण करतं, हे पट्ट्याच्या तारखांनी शिकवलं.

म्हणून समितीला सूचना: पुढची सहल लीथ हिल. डॉर्किंगपर्यंत रेल्वेनं जाता येतं, आणि बंड्याला तिकीट लागत नाही. स्नोडन कुठे पळून जात नाही. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनी आळीपाळीनं आमचा धरावा. ओढतो मात्र फार.