मोत्याचे आगगाडी-दर्शन

कुत्र्याने आगगाडीत कोठे बसावे, याविषयी रेल्वेचा नियम स्पष्ट आहे. पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे राखून मिळाला, तर तो मालकापाशी बसतो. एरवी त्याची पावती करून त्यास गार्डाच्या डब्यातील पेटीत ठेवावयाचे. अन्नपाण्याची जबाबदारी मालकाची. (गार्डास २०२२ सालापासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पेटी मात्र पेटीच राहिली.)

या नियमापायी जयगडचे आमचे काका चार वर्षे मुंबईस आले नव्हते. खाडीकाठच्या घरी ते व मोत्या असे दोघेच. त्यास टाकून येण्याची गोष्टही त्यांस सोसत नसे. यंदा मुलांनी हट्टच धरला की, जुनी इंजिने पाहावयास दोघांनीही यावे.

जयगडास आगगाडी नाही. पूर्वी तेथील मंडळी आगबोटीने मुंबईस येत व पावसाळ्यात तो मार्ग बंद पडे. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, तेव्हापासून रत्नागिरी स्थानकाचा आधार झाला. येताना कूपे मिळाला नाही. मोत्या पेटीत आणि काका आपल्या डब्यात! चिपळुणास व पनवेलीस पाण्याची वाटी घेऊन ते गार्डाच्या डब्यापर्यंत धावले. सत्तरी उलटलेल्या माणसाने फलाटावर असे धावावे, हे ऐकून आमच्या घरातील बायकांनी कपाळास हात लावला.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसात अठराव्या फलाटालगत जुनी यंत्रे उघड्यावर मांडलेली आहेत. त्यांत ‘सर लेस्ली विल्सन’ हे विजेचे इंजिन मुख्य. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच स्थानकातून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा हे गृहस्थ मुंबईचे गव्हर्नर होते. हे इंजिन घाटातील मालगाड्यांसाठी घडविलेल्या जातीचे. वळणावर वळता यावे म्हणून त्याचे अंग सांध्यांनी जोडलेले असून चाकांस बाहेरून दांडे आहेत. उभ्या उभ्या ते कण्हल्यासारखा आवाज काढी. त्यावरून रेल्वेच्या लोकांनी त्या जातीस ‘खेकडा’ म्हटले.

जयगडच्या पुळणीवर खऱ्या खेकड्यांनी मोत्याच्या नाकाचे पुष्कळ चिमटे घेतले आहेत. त्याने हा लोखंडी खेकडा दुरूनच हुंगला, एकदा गुरगुरला व मग निर्धास्तपणे त्याच्या चाकाजवळ जाऊन मागचा पाय उचलू लागला. काकांनी वेळीच साखळी ओढली म्हणून सर लेस्लींची अब्रू राहिली! ज्यांस कुत्रा न्यावयाचा असेल त्यांनी रखवालदारास आधी विचारावे, साखळी आखूड धरावी आणि सकाळीच जावे. दुपारी लोखंड तापते व जनावराचे पाय पोळतात.

काका तेथे दोन तास रमले. प्रत्येक पाटी त्यांनी मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली.

परतीच्या वेळी आम्ही भावांनी वर्गणी केली व आधीपासून अर्ज करून दोन जागांचा कूपे मिळविला. खर्च बराच आला. दिवाळीसाठी अर्ज कधी करावयाचा, हे काकांनी जयगडास पोहोचताच विचारले आहे.