नाव संस्थेचे, चावी कोणाच्या खिशात?

आपल्या भागातल्या शाळा, वाचनालये, बचत गट आता वेबसाइट काढू लागले आहेत. राजूरसारख्या गावात हे काम जालन्याच्या किंवा भोकरदनच्या एखाद्या ओळखीच्या मुलाकडे जाते. तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर डोमेन घेतो. साइट सुरू होते, सगळे खूश. माझे म्हणणे असे की, संस्था आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली करते ती इथेच.

ट्रस्टच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर गवंड्याचे नाव चढलेले आपल्याला चालेल का? डोमेनच्या नोंदीतही ज्याचे नाव, त्याचाच हक्क. ‘रेडिफ’शी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे नाव दुसऱ्याने घेतले, तेव्हा 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते की डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे. त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण हवे.

खरी गोची होते ती रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणी करणारी कंपनी, बदलताना. डोमेनवर ‘ट्रान्सफर लॉक’ असते. ते काढल्याशिवाय नाव दुसऱ्या कंपनीकडे जात नाही. शिवाय एक गुप्त कोड लागतो. माझ्या पाहण्यातल्या एका शिक्षणसंस्थेची साइट बनवणारा मुलगा परदेशी गेला. लॉक त्याच्या खात्यात, कोड त्याच्या मेलवर, आणि पावतीपुस्तकावर मात्र तोच पत्ता छापलेला. त्या मुलाची नियत वाईट नव्हती, पण संस्थेच्या हातात काहीच नव्हते.

म्हणून लॉक काढूनच ठेवावे, असे मुळीच नाही. लॉक ही आपलीच कडी आहे. ती कायम लावलेली असावी, बदलीच्या वेळीच उघडावी आणि नव्या कंपनीकडे नाव पोहोचले की पुन्हा लावावी. कोड ओटीपीसारखा जपावा; व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी ‘आयकॅन’चे नियम मालकाच्या बाजूचे आहेत. मागणी केल्यावर 5 दिवसांत कोड मिळाला पाहिजे. केवळ पैशांचा वाद आहे म्हणून रजिस्ट्रारला कोड अडवता येत नाही. मात्र नवी नोंदणी किंवा बदली झाल्यावर 60 दिवस पुढची बदली नाकारली जाऊ शकते, म्हणून मुदत संपत आल्यावर धावपळ करू नका. आणि हे सगळे हक्क नोंदीतल्या मालकाचे. नोंदीत तुमचे नाव नसेल तर नियम तुमच्या काय कामाचे?

काही जण म्हणतील, कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना पासवर्ड सांभाळणे जमत नाही. बरोबर आहे. मग रोजचे काम त्या मुलाकडेच राहू द्या, पण नोंद संस्थेच्या नावाने आणि ई-मेल संस्थेचा ठेवा. पदाधिकारी बदलले की बँकेतल्या सह्या बदलतो, तसाच या खात्याचा पासवर्ड बदला.

आपल्यातले जे साइट बनवतात, त्यांनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाईक अडकून राहावे म्हणून चावी खिशात ठेवणे हा धंदा नव्हे. ती चावी आपल्याकडची अमानत आहे.

पुढच्या मीटिंगमध्ये एवढेच विचारा : आपले डोमेन कोणाच्या नावावर आहे? उत्तर तिथल्या तिथे मिळाले नाही, तर पुढचे काम कोणते हे ठरलेच.